थांब म्हणणारं रक्त

मिरजेच्या नवांकुर केंद्रात दर गुरुवारी दुपारी दोन खुर्च्या शेजारीशेजारी लागायच्या. एकीवर सानिका बसायची, दुसरीवर तिचा थोरला भाऊ विश्वजित. तिच्या हाताच्या नसेतून रक्त निघायचं, मधल्या यंत्रात त्यातला पिवळसर द्राव वेगळा व्हायचा, लाल भाग तिचा तिला परत मिळायचा आणि तो द्राव गाळून, तपासून विश्वजितच्या नसेत जायचा. केंद्राच्या भाषेत सानिका होती 'समन्वयी दाता'. एवढा जड शब्द मिरजेत कोण उच्चारणार? लोकांनी तिच्यासारख्यांना 'राखणदार' म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू डॉक्टरही तसंच म्हणू लागले.

"आलीस व्हय बाई? मला वाटलं, आज भावाला वाऱ्यावर सोडलंस," विश्वजित म्हणायचा.

"शाळेत पोरांच्या परीक्षा चालू आहेत, दादा. वेलींशी गप्पा मारून माझं पोट भरत नाही."

विश्वजितची म्हैसाळ रस्त्याला द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका होती. फवारणी आता ड्रोन करत असले तरी हा गडी औषध हातानेच कालवायचा, त्यामुळे त्याच्या सगळ्या सदऱ्यांवर मोरचुदाचे निळे डाग असायचे. खिशात बहिणीसाठी मूठभर बेदाणे. रक्त दिल्यावर गोड खावं असं केंद्रातले सांगायचे, आणि केंद्राचा तो पुठ्ठ्यासारखा बिस्किटाचा पुडा सानिकाला बघवत नसे. मग भावंडं बेदाणे खात बसायची आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक त्यांच्याकडे बघून हसायचे. आजारी माणसाच्या जागी एवढा आनंद शोभत नाही, पण त्यांना कोण सांगणार?

विश्वजितच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा असं हसू घरात कुणाला सुचलं नव्हतं. गाठ मोठी होती. सर्जननी यकृताचा बराच भाग कापून काढला, आणि उरलेल्या तुकड्यावर माणूस जगत नाही. जुन्या काळात गोष्ट तिथेच संपली असती. पण आता 'अंकुर' नावाचं इंजेक्शन निघालं होतं. पोटातल्या बाळाचे अवयव घडताना पेशींत जो कार्यक्रम चालू असतो आणि जन्मानंतर जो कायमचा झोपी जातो, तो हे इंजेक्शन पुन्हा जागा करायचं. उरलेल्या तुकड्यातून नवं यकृत उगवायचं, पालीला शेपूट उगवतं तसं.

"उगवायला लावणं आम्हाला कधीच जमलंय," केंद्राच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. मेहरूनिसा शिकलगार यांनी पहिल्याच भेटीत सगळ्या घराला बसवून सांगितलं होतं. "अवघड आहे ते थांबवणं. जखम भरताना शरीर जे करतं तेच गाठही करते. पेशी वाढतात, रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेतात, शेजाऱ्यांना ढकलतात. जखम भरली की पेशी एकमेकींना अडतात आणि थांबतात. गाठीतल्या पेशींना ते थांबणं ऐकू येत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात काही प्रथिनं असतात, ती सगळी मिळून सतत एकच निरोप देतात, की इथपर्यंत, आता पुढे नाही. विश्वजित यांच्या रक्तात तो निरोप क्षीण आहे. म्हणून तर गाठ झाली."

"मग तो निरोप बाटलीत भरून द्या की," विश्वजित म्हणाला होता.

"एकेक प्रथिन करता येतं. सगळ्यांचं मिळून जे जमतं, ते प्रयोगशाळेत अजून जमलेलं नाही. ते सख्ख्या, जुळणाऱ्या भावंडाच्या रक्तातूनच घ्यावं लागतं. आणि एकदा घेऊन भागत नाही. नवं यकृत म्हातारं होईपर्यंत घ्यावं लागतं."

विश्वजितने थोडा विचार केला. "म्हणजे शेंडा खुडणारा पाहिजे. खुडल्याशिवाय वेल थांबत नाही, नुसती पानं करत सुटते. बरं झालं, सानू, तुला लहानपणापासून माझा शेंडा खुडायची सवय आहे."

आईवडील गेल्यावर याच भावाने सानिकाला शिकवलं, लग्न करून दिलं आणि सासरी पाठवताना लहान मुलासारखा हमसून रडला. त्याला गुरुवारी दोन तास द्यायचे, यात विचार कसला करायचा? तिने केला नाही. नवरा निनाद याला बंगळुरूला चांगली नोकरी मिळत होती, ती त्याने नाकारली. दिवाळीच्या सुटीत कुठे जायचं झालं तर बुधवारी परत. राखणदाराच्या घरात सगळं गुरुवारभोवती फिरतं, आणि ते फिरू द्यायला घरातलं कुणी कुरकुरलं नाही, हे निनादच्या आणि त्याच्या आईच्या चांगुलपणाचं.

पुढचं जे झालं, ते या चांगुलपणातूनच झालं. वाईट माणसं असती तर बहुधा झालं नसतं.

सानिकाला दिवस गेले. राखणदार होण्याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा घरात पेढे वाटले होते आणि दोन्ही वेळा पेढ्यांची चव तोंडात असतानाच सगळं संपलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सासूबाई शैलजाबाई शिकलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, पण या खेपेला त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तीन महिने होईतोवर कुण्णाकुण्णाला सांगायचं नाही. माहेरीसुद्धा नाही. माझी आई सांगायची, मी ऐकलं नाही. आता ऐकायचं."

"आई, पण केंद्रात?"

"ती स्वप्नाली माझ्या भिशीतल्या कुंदाची सून आहे. तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत आख्खी गल्ली ओटी भरायला येईल. जाऊ दे की पोरी, थोडेच दिवस राहिलेत."

स्वप्नाली ही केंद्रातली तंत्रज्ञ. दर गुरुवारी सुई लावण्याआधी ती तेच तेच विचारायची. ताप आला होता का, नवीन गोळी चालू केली का, पाळी वेळेवर आहे का. सानिका इतकी वर्षं त्या प्रश्नांना 'नाही, नाही, हो' अशी एका दमात उत्तरं देत आली होती. त्या गुरुवारीही तिने तेच केलं. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात, तिची अडखळलीही नाही. मनात आलं, रक्त ते रक्तच. तीन महिने झाले की शिकलगार मॅडमना स्वतः जाऊन सांगू, पेढेच घेऊन जाऊ.

विश्वजितने बेदाणे पुढे केले. त्या वासाने तिला मळमळलं. "नको आज," असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

"बरं," तो म्हणाला आणि स्वतःच खात बसला.

त्यानंतरचे काही आठवडे विश्वजितचे नुसते बहरात गेले. त्याची भूक वाढली, गालांवर तकाकी आली, रोपवाटिकेत तो दोन मजुरांचं काम एकटा करू लागला. तपासणीत दिसलं की नवं यकृत झपाट्याने भरत आहे, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. त्याची बायको तेजस्विनी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून केंद्रातल्या सगळ्यांना डबे घेऊन आली. सानिकाही खूश होती. आपल्या अंगातला आनंदच दादाला लागू पडतोय, असं काहीतरी बावळट तिच्या मनात येऊन गेलं. दुर्दैव असं की शास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचं नव्हतं.

मग नेहमीची तपासणी म्हणून यकृताचा सुईने तुकडा घेतला, आणि चार दिवसांनी डॉ. शिकलगारांनी सानिकाला एकटीला बोलावून घेतलं.

त्यांच्या खोलीत मोठा पडदा होता. त्यावर त्यांनी आधी जुनी काचपट्टी लावली. गुलाबी-जांभळ्या रंगाच्या पेशी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मधोमध एकसारखा गोल ठिपका. "ही मागच्या वर्षीची. बघ कशा शिस्तीत आहेत. आणि ही आताची."

दुसऱ्या काचपट्टीसाठी सानिकाला शास्त्र शिकण्याची गरज नव्हती. ठिपके काळे पडून फुगले होते. ओळी मोडल्या होत्या, पेशी एकमेकींच्या उरावर चढल्या होत्या आणि कडेने जिथे एक स्पष्ट रेघ असायला हवी, तिथून त्या घोळक्याने पलीकडे उतरल्या होत्या.

"मला आधी वाटलं, माझीच चूक होतेय," डॉक्टर म्हणाल्या. "नव्याने वाढणाऱ्या भागात अशा पेशी दिसू शकतात, भलेभले फसतात. म्हणून मी मुंबईला पाठवून खात्री केली. ही गाठच आहे. मग मी तुझ्या पिशव्या पुन्हा तपासल्या. थांबायला सांगणारी प्रथिनं होती, पुरेशी होती. म्हणून तर आमच्या यंत्राने काही ओरड केली नाही. पण त्यांच्या शेजारी आणखी एक प्रथिन होतं, ते आम्ही मोजत नाही, कारण ते तिथे असण्याचं कारणच नसतं." त्या पडद्याकडून तिच्याकडे वळल्या. "सानिका, तू गरोदर आहेस का?"

सानिकाच्या तोंडून निघालं, "अजून तीन महिने झाले नाहीत."

या उत्तराचा अर्थ डॉक्टरांना समजावून सांगावा लागला नाही. मिरजेतच वाढलेल्या होत्या त्या. त्यांच्या घरातही असंच सांगत असतील.

"स्वप्नालीताईंनी विचारलं होतं," सानिका म्हणाली. "दर वेळी विचारलं. मी नाही म्हणाले."

"आम्ही विचारायलाच नको होतं. रक्तात बघायला हवं होतं. नव्या दात्याचं बघतो, वर्षानुवर्षं येणाऱ्याचं नाही बघत, विश्वास ठेवतो." त्यांचा आवाज चिडका झाला होता, आणि तो राग कुणावर होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "गर्भ म्हणजे काय असतं, विचार कर. अर्धा परका, झपाट्याने वाढणारा पेशींचा गोळा. त्याची वार गर्भाशयाच्या भिंतीत मुळं घालते, रक्तवाहिन्या ओढून घेते. शरीराने याला थांब म्हटलं तर कुणी जन्मालाच येणार नाही. म्हणून त्या काळात आईच्या रक्तातून सगळीकडे उलटा निरोप जातो, की वाढू दे. तुझ्या शरीराने त्याचं काम चोख केलं. तो निरोप पिशवीतून तुझ्या भावाच्या यकृताला पोहोचला, आणि त्या यकृतानेही तो ऐकला."

पडद्यावरच्या त्या घोळक्याकडे सानिका बघत होती आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे गेला. तो तिथे ठेवावा की काढून घ्यावा, हे तिला कळेना.

"उपाय सांगा, मॅडम."

डॉक्टरांनी सांगितले, एकेक करून, आणि एकेक करून खोडलेही. केमोथेरपी हे कोवळं यकृत सोसणार नाही. दुसऱ्याचं यकृत बसवायचं तर प्रतिकारशक्ती दाबावी लागेल, आणि मग रक्तात उतरलेल्या त्या पेशी जिथे रुजतील तिथे माजतील. दुसरं जुळणारं भावंड नाही. रक्तातलं तेवढंच एक प्रथिन गाळून काढता येत नाही, काढायला गेलं की थांबायला सांगणारी साखळीही तुटते. राहता राहिला एक मार्ग.

"गर्भ राहिला नाही, तर काही आठवड्यांत तुझं रक्त पूर्ववत होईल. यकृताचा बराच भाग अजून बहिरा झालेला नाही, तो कदाचित ऐकेल. कदाचित. मी शब्द देऊ शकत नाही. कायद्याची मुदत अजून आहे. पण यकृताची फार नाही." त्या टेबलावरून वाकल्या. "हे मी तुला सांगायलाच हवं होतं, म्हणून सांगितलं. कर असं म्हणत नाहीये. करू नको असंही म्हणू शकत नाही. इतकी वर्षं या काचपट्ट्या बघते, इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं."

घरी येऊन सानिकाने सगळं सांगितलं. शैलजाबाई ऐकता ऐकता खाली फरशीवर बसल्या. "माझं मेलीचं तोंड," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "कुठून बोलले आणि कुठून तुला गप्प बसवलं." त्यांना उठवायला सानिकाच गेली. अपराध दोघींचा होता की कुणाचाच नव्हता, याचा निवाडा करायला दोघींच्या अंगात बळ नव्हतं.

निनाद मात्र म्हणाला, "तू ठरवशील ते. मी तुझ्यासोबत आहे."

चांगलं वाक्य आहे, समंजस नवरे तसंच बोलतात. पण सानिकाला वाटलं, याने एकदा तरी ओरडावं, भांडावं, माझं मूल आहे म्हणावं, किंवा दादाला वाचव म्हणावं. काहीतरी म्हणावं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तिला एकटीला उभं करून सगळ्यांनी आदराने पाऊल मागे घेतलं होतं.

एकच माणूस पुढे आलं. दोन दिवसांनी मधल्या सुटीत शाळेच्या फाटकाशी तेजस्विनी येऊन उभी राहिली; शैलजाबाईंनी न राहवून तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. चेहरा ओढलेला, केस कसेतरी बांधलेले.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती सानिकाला नावाने हाक मारायची, अगं-तुगं करायची. "मी मागायला आले. मागू नये हे मला कळतंय."

"वहिनी, आत तरी या."

"आत नको. आणि मधे बोलू नका, मला परत जमायचं नाही. तुमचं वय आहे, तुम्हाला परत दिवस जातील. मला हे परत कुठनं मिळतील? पोरगी अजून सातची नाही. माझ्या जिभेला किडे पडतील, मला माहीत आहे. पडू देत."

परत दिवस जातील याची खात्री कुणी दिली, असं सानिकाला विचारता आलं असतं. तिसऱ्यांदाही गेलं तर पुढचं काय सांगावं, असं तिचे बाळंतपणाचे डॉक्टर मागेच म्हणाले होते. पण समोरची बाई भीक मागत होती, आणि भीक मागणाऱ्याशी हिशोबाने बोलायचं नसतं. शिवाय गेल्या दोन रात्री सानिकाच्या मनातही तेच येत होतं. दादाशिवाय ती कोण होती?

"सोमवारची वेळ घेते, वहिनी," ती म्हणाली. "करते मी."

तेजस्विनीने तिचे हात धरले नाहीत की आभार मानले नाहीत. कशाचे मानणार? पदराने तोंड पुसलं आणि ती रिक्षाकडे चालू लागली. थोडं गेल्यावर थांबून तिने मागे वळून बघितलं.

त्याच संध्याकाळी सानिका रोपवाटिकेत गेली. दादाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, आपल्यामुळे काय झालं तेही सांगावं आणि आपण काय करणार आहोत तेही. विश्वजित हिरव्या जाळीच्या सावलीत स्टुलावर बसून खुंटावर कलमाचा डोळा बसवत होता. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता, पण बोटं अजून झरझर चालत होती.

"दादा, तुझं जे झालं, ते माझ्यामुळे झालं. मला—"

"दिवस गेलेत. माहीत आहे."

"मॅडमनी सांगितलं?"

"त्या काय सांगतात? त्यांना तर सगळ्यांच्या शेवटी कळलं." त्याने कलमाला पट्टी गुंडाळली आणि ते बाजूला ठेवलं. "तू बेदाणे नको म्हणालीस ना, त्याच दिवशी मला कळलं. बेदाणे नको म्हणणारी माझी बहीण नव्हे. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणते, मलाही केव्हाचं वाटतंय, पण तुम्ही बोलू नका, तीन महिने होऊ देत, मागच्या दोन वेळचं आठवतंय ना? मग मीही गप्प बसलो. स्वप्नालीला तरी कळलं नसेल होय? दर आठवड्याला तुझी नस धरती ती. तिनं विचारलं, तू नाही म्हणालीस, तिनं मान ठेवला तुझा. आख्ख्या मिरजेला माहीत होतं गं, सानू. माहीत नव्हतं ते फक्त शिकलगार मॅडमना."

त्याने चाकू पुसून बाजूला ठेवला.

"त्यांनी मला विचारलं होतं. तुमची राखणदार कशी आहे, तब्येत वगैरे? मी म्हटलं, एकदम ठणठणीत." विश्वजित हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "तेव्हा तुझ्यामुळे म्हणू नकोस. आपण सगळ्यांनी मिळून केलं. सगळ्यांनी तुझ्या पोराला नजर लागू नये म्हणून केलं."

सानिका त्याच्यापाशी खाली बसली. त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती रडली, तोही रडला. कामावरची माणसं जाळीबाहेर निघून गेली.

"सोमवारी मी करून घेतेय," ती शेवटी म्हणाली. "मग काही आठवड्यांत रक्त ठीक होईल. मॅडम म्हणाल्या, आशा आहे."

"मला नको ते रक्त."

"दादा!"

"तुझं तू ठरव, मी अडवणारा कोण? पण माझ्यासाठी म्हणून करू नकोस, कारण मी सुई लावून घेणार नाही. दर गुरुवारी तुझ्या शेजारी बसायचं आणि त्या नळीतनं काय येतंय ते बघायचं. मला नाही जमणार. तू म्हणशील, दादा मोठेपणा करतोय. मोठेपणा नाही गं. मरायची मला लई भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. पण हे त्याहून जमत नाही मला."

सानिका उठून उभी राहिली. रडणं कुठल्या कुठे गेलं आणि तिला प्रचंड संताप आला. "वहिनीला काय सांगू मी? तुझ्या पोरीला काय सांगू? सगळे नुसते चांगले, सगळे मला सोडून देताय माझ्या हिमतीवर! तूसुद्धा!"

विश्वजितने पुढचा खुंट उचलला, पण चाकू काही धरवेना.

दुसऱ्या दिवशी सानिका डॉ. शिकलगारांकडे गेली. "मी आधी करून घेते. एकदा झालं की तो कसा नाही म्हणेल?"

"आणि म्हणाला तर?"

सानिका खुर्ची मागे सारून उठली.

"त्यांच्या संमतीशिवाय मी थेंबही चढवू शकत नाही. मी त्यांच्याशी बोलले, रागावून बोलले, हात जोडून बोलले. ते ऐकत नाहीत." डॉक्टरांनी तिचा खांदा धरला. "तू जाशील, आणि ते नाही म्हणतील, तर तुझ्याकडे काय उरेल?"

ती पुन्हा दादाकडे गेली, निनादला पाठवलं, सासूबाईंना पाठवलं. तेजस्विनीने तर नवऱ्यासमोर अन्नपाणी सोडलं. तो तिला घास भरवायला बसायचा, पण केंद्रात यायला तयार होईना. एवढा मऊ माणूस असा दगड होईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सोमवार आला आणि गेला. पुढचाही गेला. सानिकाने ठरवलं असं काही नाही. ठरवण्यासारखं तिच्या हातात काही उरलंच नाही. दिवस आपले आपण भरत राहिले, तिच्या पोटातलेही आणि त्याच्या पोटातलेही.

पाचव्या महिन्यात तेजस्विनीचा निरोप आला, रविवारी ये म्हणून. तिसऱ्या महिन्यात माहेरच्यांनी गुपचूप द्यायची चोरचोळी राहून गेली होती. तसं पाहिलं तर आता त्यात चोरायचं काय उरलं होतं? पण विश्वजितने हट्ट धरला होता. आई नाही, तर वहिनीने करायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत करायचं.

तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोटात पाणी साठून पोट तट्ट फुगलं होतं. सानिका दारातून आली तेव्हा त्याने तिच्या पोटाकडे बघितलं, मग स्वतःच्या.

"बघ गं," तो म्हणाला, "दोघांचं बरोबरीनं चाललंय. पैज लाव, आधी कोण मोकळं होतंय."

"दादा, पुरे," सानिका म्हणाली. पण तिला हसू आलं, आणि ते आल्याबद्दल स्वतःची किळस आली.

तेजस्विनीने पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, सानिकाला बसवलं. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. तिच्या डोळ्यांत राग होता, उघडा, आणि तो लपवण्याचे कष्ट तिने घेतले नाहीत. सानिकालाही तो तिने लपवावा असं वाटलं नाही. इतक्या दिवसांत तिच्याशी खरं वागलेली ती एकच होती.

सानिका उठून पाया पडली. अशा वेळी वडीलधारी बाई जो आशीर्वाद देते, तो तेजस्विनीच्या ओठांपर्यंत आला असावा. "ऊठ," एवढंच ती म्हणाली.

मग रीतीप्रमाणे सानिकाने करंडा हातात घेतला. ओटी भरणाऱ्या सवाष्णीला उलट हळदकुंकू लावायचं असतं. तेजस्विनी एरवी टिकली लावायची, तीही आठवण झाली तर. सानिकाने हळद लावली, कुंकवात बोट टेकवलं आणि वहिनीच्या कपाळावर बारीकसा ठिपका ठेवला. तिला वर बघवत नव्हतं.

तेजस्विनीने तिचं मनगट धरलं.

"एवढंसं नको," ती म्हणाली. खाटेकडे न बघता, हळू आवाजात. "ठसठशीत लाव. लावायचंय तोवर लावून घेऊ दे."

सानिकाने पुन्हा कुंकवात बोट बुडवलं.